फ्रीजरमधली कुर्बानी

बकरी ईद आठवड्यावर आली की घरोघरी एक काम निघतं. फ्रीजर रिकामा करायचा. नव्या गोश्तासाठी जागा करताना तळाशी बर्फाला चिकटलेली एखादी पिशवी हमखास सापडते. त्यातलं गोश्त गेल्या वर्षीचं की त्याच्याही आधीचं, हे कुणालाच नीट आठवत नाही. मग प्रश्न येतो, खायचं की टाकायचं?

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि तो दोन भाषांत येतो. तरुण मंडळी विचारतात, ‘हे सेफ आहे का?’ वयस्क मंडळी विचारतात, ‘हे जायज आहे का?’ मोहर्रमचा चाँद दिसायच्या आत कुर्बानीचं गोश्त संपलंच पाहिजे, असं मानणारीही घरं आहेत. त्यात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरत असतो, जो दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देऊन मोकळा होतो. प्रेषितांनी तीन दिवसांपेक्षा जास्त गोश्त ठेवायला मनाई केली होती, कारण तीन दिवसांनंतर त्यात जंतू होतात, हे विज्ञानाला आज कळलं, असा त्याचा मथितार्थ. मजकूर भक्तिभावाने लिहिलेला असतो, पण इतिहास म्हणून चुकीचा आणि विज्ञान म्हणूनही चुकीचा. शिवाय मूळ गोष्टीत जे सर्वांत मोलाचं आहे, तेच त्यातून गळून पडतं.

तीन दिवसांची मनाई खरी आहे. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पण त्याच संग्रहांत तिचं कारणही आहे, आणि ते हजरत आयेशांनी (रजि.) सांगितलेलं आहे. एका वर्षी ईदुल अजहाच्या सुमारास वाळवंटातले भुकेले, गरीब लोक मोठ्या संख्येने मदिनेत आले. अरबीत अशा हळूहळू चालत आलेल्या जमावाला ‘दाफ्फा’ म्हणतात. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं की तीन दिवसांपुरतं ठेवा आणि उरलेलं दान करा. पुढच्या वर्षी लोकांनी तक्रारवजा विचारणा केली. आम्ही कुर्बानीच्या कातड्यांच्या पखाली करत होतो, चरबी वितळवून ठेवत होतो, आता काय करायचं? प्रेषितांनी विचारलं, मग अडचण काय आहे? लोक म्हणाले, आपणच तीन दिवसांनंतर खायला मनाई केली होती. तेव्हा त्यांनी खुलासा केला की ती मनाई त्या आलेल्या लोकांसाठी होती. आता खा, साठवा आणि दानही करा. सलमा इब्न अकवा (रजि.) यांच्या कथनातही हेच आहे. ते वर्ष लोकांच्या हलाखीचं होतं आणि तुम्ही त्यांना मदत करावी एवढीच इच्छा होती.

म्हणजे तीन दिवस ही गोश्त खराब होण्याची मुदत नव्हती. ती गोश्त घराबाहेर पडण्याची मुदत होती. शेजारी भुकेला असताना तुमच्या घरात चौथ्या दिवशीचं गोश्त असता कामा नये, एवढाच तिचा अर्थ.

गोश्त टिकतं हे त्या काळच्या अरबांना चांगलं माहीत होतं. पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं आणि कडक उन्हात वाळवायच्या. याला ‘कदीद’ म्हणतात. ईदनंतरच्या तीन दिवसांना ‘अय्यामे तश्रीक’ हे नाव का पडलं, याची भाषापंडितांनी दिलेली एक व्युत्पत्ती इथेच पोहोचते. तश्रीक म्हणजे गोश्ताच्या पट्ट्या उन्हात पसरणं. आपण या दिवसांत प्रत्येक फर्ज नमाजनंतर तकबीर म्हणतो, पण या नावामागे दोरीवर वाळत घातलेलं गोश्त असू शकतं याची फारशी कुणाला कल्पना नसते. हजरत आयेशांनी असंही सांगितलंय की आम्ही जनावराचे पाय बाजूला ठेवत असू आणि पंधरा दिवसांनी खात असू. अखेरच्या हजच्या वेळी प्रेषितांनी सौबान (रजि.) यांना कुर्बानीचं गोश्त तयार करून ठेवायला सांगितलं आणि मदिनेला पोहोचेपर्यंत ते त्यातून खात राहिले. मक्का ते मदिना हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. उंटावरून हे तीन दिवसांचं काम नव्हे.

आपल्याकडेही हे होतंच. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे हळद-मीठ लावून अंगणात दोरीवर टांगलेलं गोश्त पाहिलेली पिढी अजून हयात आहे. ज्यांच्या वाट्याला मोठं जनावर एकदम येत असे आणि ते पुरवून खावं लागे, अशा दलित घरांतही हेच होतं. तिथे त्या वाळवलेल्या तुकड्यांना चान्या म्हणतात. वाळवण्यामागचं तत्त्व आणि गोठवण्यामागचं तत्त्व जवळपास एकच आहे. जंतूला वाढायला पाणी लागतं. उन्हाने ते उडून जातं, तर थंडीत त्याचा बर्फ होतो आणि ते जंतूच्या हाती लागत नाही.

मग खराब गोश्ताबद्दल हदीसमध्ये काहीच नाही का? आहे, आणि ते फार व्यवहारी आहे. शिकाऱ्याने बाण मारला, जनावर निसटलं आणि तीन दिवसांनी सापडलं, तर ते खावं का? उत्तर आहे की दुर्गंधी सुटली नसेल तर खा. हे सही मुस्लिममध्ये आहे. इथे तीन दिवस हा आकडा पुन्हा येतो, पण निकष आकड्याचा नाही, वासाचा आहे. दुसरीकडे अनस (रजि.) सांगतात की ते प्रेषितांकडे जवाची भाकर आणि वास लागलेली चरबी घेऊन गेले होते. खवट चरबी आणि सडलेलं गोश्त यांत फरक आहे, हे त्या जगाला ठाऊक होतं. हा फरक पुढे फ्रीजरच्या गोष्टीत पुन्हा लागणार आहे.

मदिनेतून आता थोडं मिनाकडे जाऊ, कारण कुर्बानीच्या गोश्ताचं सर्वांत मोठं कोडं तिथे तयार झालं. मदिनेत शेजारपाजार होता, वाटायला माणसं होती. मिनाच्या अरुंद खोऱ्यात मात्र हजचे हजारो लोक दोन-तीन दिवसांत हजारो जनावरं कापत, तेही अरबस्तानच्या उन्हात. रिचर्ड बर्टन हा मुंबई लष्करातला इंग्रज अधिकारी 1853 साली अफगाण हकिमाच्या वेषात हजला जाऊन आला. त्याने मिनाच्या खोऱ्याचं जे वर्णन केलंय, ते नाकाला रुमाल लावून वाचावं असं आहे. पण त्यातली एक गोष्ट लक्षात राहते. आफ्रिकेतून आलेले अत्यंत गरीब हाजी, ज्यांना तो ताक्रुरी म्हणतो, कापलेल्या जनावरांची वाट पाहत बसलेले असत आणि जागच्या जागी गोश्त काढून घेत. बर्टन हे तुच्छतेने लिहितो. मला त्यात दाफ्फा दिसतो. त्या खोऱ्यात गोश्ताची खरी गरज असलेली माणसं तीच होती.

बारा वर्षांनी, 1865 मध्ये हजच्या काळात पटकीची भयंकर साथ आली. हाजींपैकी सुमारे पंधरा हजार माणसं दगावल्याचा अंदाज सांगितला जातो. साथ पुढे इजिप्त आणि युरोपपर्यंत गेली आणि 1866 मध्ये इस्तंबूलला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या काळी रोग दुर्गंधीतून होतो असं डॉक्टरही मानत, त्यामुळे मिनातल्या सडणाऱ्या जनावरांवर बरंच खापर फुटलं. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो हे सर्वमान्य व्हायला अजून अवकाश होता. पण सडलेल्या गोश्ताचा प्रश्न मात्र तसाच राहिला. विसाव्या शतकात विमानं आली, हाजींची संख्या लाखांवर गेली आणि मिनातली जनावरं खड्डे खणून बुलडोझरने पुरावी लागू लागली. ज्या कुर्बानीत खा आणि गरजवंताला खाऊ घाला असं कुरआन सांगतं, त्या कुर्बानीचं गोश्त मातीत जात होतं.

दरम्यान जगाच्या दुसऱ्या टोकाला गोश्ताचं भवितव्य बदलत होतं. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या उदंड होत्या आणि खाणारे कमी. लोकर काढून झाली की जनावराची किंमत त्याच्या चरबीएवढी. 1882 च्या 15 फेब्रुवारीला ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज पोर्ट चामर्सहून निघालं. त्यात सुमारे पाच हजार गोठवलेली जनावरं होती, बहुतेक मेंढ्या आणि कोकरं. जहाजाला शिडं होती, पण गार करणारं यंत्र कोळशावर चालत होतं. विषुववृत्त ओलांडून 98 दिवसांनी ते लंडनला पोहोचलं आणि तपासणीत खराब म्हणून बाजूला काढावं लागलेलं जनावर निघालं फक्त एक. त्याआधीही असे प्रयोग झाले होते. ‘पाराग्वे’ नावाच्या फ्रेंच जहाजाने 1877-78 मध्ये अर्जेंटिनाहून गोठवलेलं मटण फ्रान्सला नेलं होतं. पण डनेडिननंतर हा धंदाच उभा राहिला. तीन महिन्यांचं शिळं मटण इंग्लंडचा कामगार आवडीने खाऊ लागला.

या धंद्यातून न्यूझीलंडला एक धडा मिळाला, जो आपल्या ईदच्या दिवसाशी थेट जोडलेला आहे. कधी कधी उत्तम कोकराचं गोठवलेलं मटण चिवट निघे. कारण शोधताना 1963 मध्ये लॉकर आणि हॅगयार्ड या तिथल्या संशोधकांनी दाखवलं की जनावर कापल्यावर त्याचे स्नायू आखडून पुन्हा सैल व्हायच्या आत गोश्त फार वेगाने गार केलं, तर स्नायू आकसतात आणि मग कितीही शिजवा, चिवटपणा जात नाही. ईदच्या दिवशी सकाळी दहाला कापलेलं, अजून कोमट असलेलं गोश्त अकराला फ्रीजरमध्ये कोंबलं आणि महिनाभराने ‘या वर्षीचा बकराच निबर होता’ असा निकाल दिला, असं किती घरांत होत असेल! बिचाऱ्या बकऱ्याची त्यात चूक नसते.

हलाल गोश्ताच्या इतिहासातही हाच देश येतो. 1979 च्या क्रांतीनंतर इराणला न्यूझीलंडचं कोकराचं मटण हवं होतं, पण हलाल पद्धतीने कापलेलं. मोठं गिऱ्हाईक होतं, म्हणून तिथल्या कत्तलखान्यांनी हलाल पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. आज आखाती देशांतल्या बाजारात न्यूझीलंडचं हलाल मटण दिसतं, त्याची मुळं या व्यवहारात आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन महिने ठीक, पण तीन वर्षं? तीस वर्षं?

थंडी नेमकं काय करते ते आधी पाहू. उणे 18 अंशांना जंतू वाढत नाहीत. ते मरतात असं नाही. बरेचसे झोपी जातात आणि गोश्त वितळलं की जागे होतात. पण झोपलेला जंतू विष तयार करत नाही आणि पिल्लं घालत नाही. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यासारख्या संस्थाही स्पष्ट सांगतात की सतत उणे 18 वर राहिलेलं गोश्त रोगाच्या दृष्टीने कायम सुरक्षित असतं. पाकिटावर किंवा तक्त्यात जे ‘सहा महिने’, ‘वर्षभर’ असं दिलेलं असतं, ते चवीसाठी असतं. कारण थंडीत जंतू थांबले तरी हवेतला प्राणवायू थांबत नाही. तो चरबीला हळूहळू खवट करत राहतो. पृष्ठभागावरचा बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि गोश्तावर कोरडे, राखाडी चट्टे पडतात. त्याला फ्रीजर बर्न म्हणतात. चट्टा काढून टाकला की काम भागतं. खिम्यात चरबी आणि हवा चांगली मिसळलेली असते, म्हणून त्याची चव तीन-चार महिन्यांतच उतरते. कलेजी-गुर्द्याचंही तसंच. अख्खे तुकडे वर्षभर चांगले राहतात. म्हणजे अनस (रजि.) यांच्या कथनातली वास लागलेली चरबीच ही. नाक मुरडावं लागेल, पण दवाखाना गाठावा लागणार नाही.

‘कायम’ या शब्दाची खरी परीक्षा अलास्कात झाली. 1979 मध्ये फेअरबँक्सजवळ सोनं शोधणाऱ्यांना गोठलेल्या मातीत हिमयुगातला एक बायसन सापडला. अंगावर निळसर खनिजाचा थर होता, म्हणून त्याचं नाव ‘ब्लू बेब’ पडलं. अलास्का विद्यापीठातले डेल गथ्री यांनी त्याचा अभ्यास केला. तेव्हा त्याचं वय 36 हजार वर्षं ठरलं होतं, नंतर ते आणखी मागे गेलं. 1984 मध्ये सांगाडा आणि कातडं प्रदर्शनासाठी तयार झालं, तेव्हा गथ्री यांनी मानेचं थोडं मांस शिजवून सहकाऱ्यांबरोबर खाल्लं. त्यांच्या म्हणण्यानुसार मातीचा वास होता आणि मांस चिवट होतं. पण कुणी आजारी पडलं नाही.

मॅमथचं मांस खाल्ल्याच्या गोष्टी मात्र सांभाळून घ्याव्यात. 1901 मध्ये सायबेरियातल्या बेरेझोव्का नदीकाठी उकरलेल्या मॅमथचं मांस ताजं, लालभडक दिसत होतं. कुत्र्यांनी ते खाल्लं, माणसांनी धीर केला नाही. पुढे मेजवानीच्या कहाण्या रचल्या गेल्या त्या वेगळ्या. 1951 मध्ये न्यूयॉर्कच्या एक्सप्लोरर्स क्लबच्या जेवणात प्रागैतिहासिक प्राण्याचं मांस वाढल्याची दंतकथा पासष्ट वर्षं चालली. त्यातला एक तुकडा बाटलीत जपून ठेवलेला होता. 2016 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा डीएनए तपासला आणि तो हिरव्या समुद्री कासवाचा निघाला! आपल्यापुरता विचार करायचा तर बायसन असो की मॅमथ, जनावर आपोआप मेलेलं, म्हणजे मुर्दार. सुरक्षित असलं तरी आपल्या ताटात येण्याचा प्रश्न नाही. सेफ आणि जायज हे दोन वेगळे प्रश्न आहेत याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही.

पण अलास्काच्या मातीत लोडशेडिंग नव्हतं. आपल्याकडचा खरा धोका वर्षांचा नाही, तो तुटलेल्या थंडीचा आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला एक दिवस. त्यानंतर गोश्त वितळतं, जंतू जागे होतात आणि पाच अंशांच्या वर भराभर वाढू लागतात. वीज परत आली की सगळं पुन्हा दगडासारखं गोठतं आणि पिशवी वरून जशीच्या तशी दिसते. हीच फसवणूक आहे. यावर एक साधा उपाय आहे. वाटीभर पाणी गोठवायचं, त्यावर एक नाणं ठेवायचं आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्यायची. गावाहून परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलेलं असेल तर मधे सगळं वितळलं होतं, गोश्त टाका.

दुसरा धोका ईदच्याच दिवशीचा. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एकदम पंधरा किलो कोमट गोश्त भरलं, तर ते यंत्र त्याला पेलत नाही. बाहेरचा थर गोठतो आणि मोठ्या पिशवीचा मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी लॅब्राडोरमध्ये इनुइट लोकांना बोचऱ्या थंडीत मासे क्षणात गोठवताना पाहिलं आणि 1920 च्या दशकात त्यावरून झटपट गोठवण्याचा उद्योग उभा केला. त्यांचं सूत्र होतं थर पातळ ठेवा, वेग वाढवा. झटपट गोठलं की बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि वितळताना गोश्ताचं पाणी सुटत नाही. न्यूझीलंडचा धडा आणि बर्ड्सआयचा धडा एकमेकांच्या विरुद्ध वाटतील, पण तसं नाही. आधी गोश्त फ्रीजच्या खालच्या भागात सुटं ठेवून काही तास सावकाश गार होऊ द्यायचं आणि मग किलो-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करून, हवा काढून, तारीख लिहून गोठवायचं. तारीख लिहिणं आपल्याकडे कुणी करत नाही, आणि मग पुढच्या ईदला तळाच्या पिशवीपाशी वाद होतात.

वितळवायचं ते फ्रीजमध्ये, ओट्यावर दिवसभर ठेवून नाही. ‘शिजवलं की सगळं मरतं’ हे अर्धसत्य आहे. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. आणि वासावर सगळी भिस्त ठेवू नये. शिकाऱ्याच्या हदीसमधला निकष सडलेलं ओळखायला आजही चालतो, पण आजारी पाडणाऱ्या कित्येक जंतूंना वासच नसतो. थंडी तुटल्याची शंका असेल तर नाकाला साक्षीला बोलवू नये.

घरातल्या थंडीचा आपला इतिहास तसा लहान आहे. भारतात तयार झालेला पहिला फ्रीज गोदरेजचा, 1958 सालचा. मोहल्ल्यात फ्रीज सर्रास दिसू लागला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याआधी ईदच्या तिसऱ्या दिवसापर्यंत गोश्त वाटणं हा पुण्याचा भाग होता तसा नाइलाजही होता. वाळवून वाळवणार किती? तेव्हा परातीवर रुमाल झाकून पोरं गल्लीत धावत. फ्रीजने तो नाइलाज संपवला. आता चांगल्या फर्ऱ्या आणि चापा आतल्या कप्प्यात जातात आणि दारावर येणाऱ्याच्या पिशवीत हाडं आणि छिछडे पडतात. तीन हिश्शांचा हिशेब तोंडी तसाच राहिला, पण तराजूवर बदलला.

फ्रीजमधल्या गोश्ताला गेल्या काही वर्षांत आणखी एक अर्थ आला, तो टाळून पुढे जाता येत नाही. सप्टेंबर 2015 मध्ये, बकरी ईदनंतर तीनच दिवसांनी, उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाडा गावात गोमांसाच्या अफवेवरून जमावाने एका माणसाला घरातून ओढून ठार मारलं. त्याच्या फ्रीजमधलं गोश्त तपासणीला गेलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली होती. कायद्यात एक कलम असं होतं की राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस घरात बाळगणं हाही गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 ला ते कलम रद्द केलं. तरीही अनेक घरांत गोश्त लवकर संपवण्याचं खरं कारण आज जंतू नाहीत आणि मोहर्रमचा चाँदही नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

फुकहांनी या तीन दिवसांवर जो वाद घातला, तो मला म्हणूनच आज पुन्हा वाचावासा वाटतो. हजरत अली (रजि.) यांनी एका ईदच्या नमाजनंतर लोकांना पुन्हा तीन दिवसांच्या मनाईची आठवण करून दिली, असं हदीसमध्ये येतं. मनाई तर उठली होती, मग हे कसं? काहींनी म्हटलं की परवानगीची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली नसावी. अंदलुसचे इब्न हज्म यांचं म्हणणं वेगळं होतं. तो काळ हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला पडलेल्या वेढ्याचा होता, अस्थिरतेमुळे वाळवंटातले लोक मदिनेत लोटले होते आणि पुन्हा उपासमार होती. कारण परत आलं, म्हणून हुकूमही परत आला. त्यांच्या अडीचशे वर्षं आधी इमाम शाफई यांनी ‘अर्-रिसाला’मध्ये नेमका हाच मुद्दा तपासला होता. मनाई कायमची रद्द झाली असंही म्हणता येईल. किंवा दाफ्फा आला की मनाई लागू आणि नसेल तेव्हा खा, साठवा, वाटा, असंही म्हणता येईल. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई मसलकाचे. नमाजमध्ये हात कुठे बांधायचे यावर आपण इमामसाहेबांचा हवाला तोंडपाठ देतो, पण त्यांचं हे पान कुणी काढत नाही.

त्यामुळे ‘एक वर्षाचं गोश्त जायज आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. जायज आहे. मोहर्रमच्या चाँदचा काही संबंध नाही. दहाव्या तारखेच्या खिचड्यात कुर्बानीचं राखलेलं गोश्त घालणारी घरं काही गुन्हा करत नाहीत. थंडी तुटली नसेल तर दोन वर्षांचंही सेफ आहे. पण शाफईंच्या पद्धतीने विचारायचं तर पहिला प्रश्न फ्रीजरला नाही, गल्लीला विचारावा लागतो. ऊसतोडीहून परतलेली, बांधकामावर उतरलेली, पुरात घर गेलेली माणसं तुमच्या वस्तीत आहेत का? असतील तर चौथ्या दिवशीच्या पिशवीचं काय करायचं, हे त्यांनी बाराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

मिनाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. 1983 मध्ये सौदी सरकारने कुर्बानीच्या गोश्ताच्या वापरासाठी एक योजना सुरू केली आणि ती इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेकडे चालवायला दिली. ती ‘अदाही’ या नावाने ओळखली जाते. हाजी पैसे भरून कूपन घेतो, मोठ्या कत्तलखान्यांत त्याच्या नावाने जनावर कापलं जातं, पशुवैद्य तपासणी करतात आणि गोश्त गोठवलं जातं. काही हरमच्या परिसरातल्या गरिबांना मिळतं, उरलेलं जहाजांनी वीसहून अधिक देशांत जातं. बांगलादेशात त्याला ‘दुम्ब्याचं गोश्त’ म्हणतात. ते पोहोचेपर्यंत ईद होऊन कित्येक महिने लोटलेले असतात. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कचेऱ्यांतून ते वाटलं जातं, यतीमखान्यांत आणि मदरशांत जातं, आणि मोठ्या डेगींत शिजतं.